दोन इंच कमी करा

आमच्या दुकानात मासा मेल्यावर वाढतो.

सुट्टीला आलेली माणसं होडी घेऊन समुद्रात जातात, गळाला रावस, तांबोशी, गोबरा, नशीब जोरावर असेल तर सुरमई लावून आणतात आणि बर्फासकट थेट माझ्याकडे येतात. मी माशाचा साचा घेते, मासा परत देते, तो त्याच दिवशी तव्यावर जातो. आठ दिवसांनी साच्यातून प्लास्टरचा मासा निघतो, रंगतो आणि त्यांच्या भिंतीवर जाऊन बसतो. एवढं सरळ काम. पण प्रत्येक जण मध्येच एकदा येतो, दार लोटून घेतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "ताई, दोन बोटं वाढवता आली तर बघा ना." चांगली शिकलीसवरलेली माणसं हो! एका न्यायाधीशांनी तर डोक्याकडून आणि शेपटीकडून अशी दोन्हीकडून वाढ मागितली होती.

मी वाढवून देते. मध्ये कापते, भर घालते, वरून रंग मारते. बाबांपासूनची रीत आहे ती. बाबांचा नियम एकच होता: मासा आला की आधी तो खाकी कागदावर ठेवायचा, पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढायची, खरी लांबी लिहायची आणि कागद माळ्यावर टाकायचा. भिंतीवर काय वाटेल ते लटको, माळ्यावर खोटं चढता कामा नये.

तर परवा दाताचे डॉक्टर आले. त्यांच्या सुरमईचा मासा नुकताच साच्यातून काढला होता. दार लोटलं, घसा खाकरला. मी मनात म्हटलं, घ्या, हेही त्यातलेच!

"किती?" मी वर न बघताच विचारलं.

"दोन इंच."

"वाढवते."

"वाढवू नका, ताई. कमी करा."

माझ्या हातातला ब्रश बादलीत पडला. पंचवीस वर्षांत असं मागणारा हा पहिलाच.

किनाऱ्यावर गळवाल्यांचा एक क्लब आहे. तिथे प्रत्येक जातीचा सगळ्यांत मोठा मासा भिंतीवर लावतात. सुरमईच्या जागेवर एकतीस वर्षं या डॉक्टरांच्या वडिलांची पाच फुटी सुरमई आहे. वडील म्हणजे आमचे जुने पोस्टमास्तर. माशाखालची खुर्ची त्यांची. रोज चार वाजता तिथे बसतात आणि येईल त्याच्यासमोर ती सुरमई नव्याने पकडतात. खरा मासा खाऊन संपलेला असतो, म्हणून क्लबात साच्यातला मासाच मोजतात. नियम असा की मोठा मासा आला की जुना उतरवायचा. आणि डॉक्टरांची भरली होती पाच फूट एक इंच.

"मग क्लबात नेऊच नका," मी म्हणाले.

"होडीवाल्याने बोभाटा केलाय. आता मोजायला न्यावीच लागेल." डॉक्टर खुर्चीच्या कडेवर टेकले. "आई गेल्यापासून बाबांना ती एक खुर्चीच उरलीय. मासा उतरला तर ते चार वाजता जातील कुठे?"

"स्वतःच्या दवाखान्यात कमी करायची होती," मी फणकारले. "जबड्यांचे साचे घेताच की तुम्ही." मला कुणाचं वाईट वाटलं की आधी राग येतो, त्याला काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मासा टेबलावर आडवा घातला आणि पोटामागे करवत टेकवली, तोच दारात काठी वाजली. पोस्टमास्तर!

"करवत खाली ठेव, पोरी."

"काका, तुम्ही? मी आपली जरा..."

"थापा मारू नकोस. होडीवाल्याने मला लांबी सांगितलीय. आणि पोरगा काल रात्री जेवताना माझ्याकडे बघत नव्हता, तेव्हाच कळलं की काहीतरी शिजतंय. आहे तेवढीच ठेव."

"मग तुमची उतरेल."

"उतरू दे की!" म्हातारा ओरडला आणि एकदम आवाज खाली आला. "तुझ्या बाबांनी वाढवून दिली होती मला ती. पोराला बर्फ आणायला पिटाळलं आणि हळूच मागितली. एकतीस वर्षं मी त्या तीन इंचांखाली बसलोय. पोराचा खरा मासा माझ्या खोट्या माशासाठी कापायचा? छे छे. तो कागद आहे का गं अजून?"

आमच्या माळ्यावरून काही हरवत नाही. शिडी लावली, धूळ खाल्ली, चार शिंका दिल्या आणि गुंडाळी खाली आणली. टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले. पेन्सिलीची सुरमई. पोटाजवळ लांबी लिहिलेली: चार फूट नऊ इंच. पण ते माझ्या बाबांचं अक्षर नव्हतं. मोठं, वेडंवाकडं, दाबून लिहिलेलं. खाली आणखी एक ओळ होती: 'बाबांनी पकडला. मी मोजला.'

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आठ वर्षांचा होता," ते म्हणाले. "म्हणजे याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? आणि माझी गोष्ट ऐकताना दरवेळी मान डोलवायचा? गधडा!" एवढं म्हणून म्हातारा रडायलाच लागला. मीही रडले. मग त्यांनी कागद गुंडाळला, मला न विचारता काखोटीला मारला आणि चालते झाले. आजवर माळ्यावरचा कागद दुकानाबाहेर गेला नव्हता, पण त्यांना कोण अडवणार!

मासा मी आहे तेवढाच रंगवला. क्लबात मोजला गेला, जुना उतरला.

काल चारच्या सुमारास मुद्दाम तिकडून गेले. म्हटलं, म्हातारा कसा आहे बघू. खुर्ची तिथेच होती, मास्तरही तिथेच, मुलाच्या सुरमईखाली. समोर सुट्टीला आलेलं एक जोडपं तोंड उघडं टाकून ऐकत होतं.

"माझ्या पोराने पकडलेली आहे ही. आणि खरं सांगू? साडेपाच फूट होती, साडेपाच! ती साच्यावाली बाई आहे ना, तिने करवत लावली!"

मी रागाने लालबुंद होऊन पुढे सरकले. पण शेजारच्या स्टुलावर डॉक्टर बसले होते आणि बापाच्या शब्दाशब्दाला मान डोलवत होते. मग मीही डोलावली.