तांबड्या ठिपक्याचे झिंगे

हिवाळ्यात पवनेच्या डोहावर रानबदके उतरत, आणि ती उतरावीत म्हणून रावेतच्या सावळाराम भोयाची साळू त्यांना हाका मारी. साळू म्हणजे त्याची पाळीव बदकी. पायाला दोर बांधून तिला उथळ पाण्यात सोडले की ती ओरडे. वरचा थवा गिरकी घेऊन खाली येई आणि लव्हाळ्यात दबून बसलेला सावळाराम जाळे ओढी. जाळे त्याचे होते, पण साळू त्याच्या बायकोची, गवराबाईची. अंड्यातून निघाल्यापासून तिनेच तिला वाढवले होते. त्या घरात वाढवायला दुसरे काही आलेच नव्हते.

त्या पौषात साळू खंगू लागली. छातीचे हाड पिसांतून हाताला टोचू लागले.

"हाका मारून दमली आसंल," सावळाराम म्हणाला. "तुझं बी तसंच व्हतं की."

"मी हाक मारल्यावर तुमी कंदी उतरलाय व्हय?" गवराबाई म्हणाली, पण तिचा हात साळूच्या छातीवरून हलला नाही.

तिने साळूला झिंगे चारायला सुरुवात केली. सकाळच्या गारठलेल्या पाण्यात उतरून ती पदर पसरी. बहुतेक झिंगे दगडांखाली दडलेले असत. काही मात्र आपण होऊन उन्हाकडे वर येत, जणू त्यांना जगण्याचा कंटाळा आला होता. त्यांच्या पाठीवर तांबडा ठिपका असे. नदीला आपली दया आली, असे तिला वाटे आणि ती तेच निवडून घेई. साळू ते अधाशासारखी गिळी आणि तरीही वाळतच जाई.

एके दिवशी जाळ्यात पिसांपुरते उरलेले एक रानबदक मेलेलेच सापडले. साथ आली असेल या धास्तीने दोघे ते घेऊन चिंचवडला गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. पाटीत साळूही होती.

डॉक्टरांनी रानबदक चिरले. आतड्यात बाजरीच्या दाण्यांसारखे नारिंगी किडे होते. एक चिमट्याने ओढला, तर आतड्याची भिंतच त्याच्याबरोबर ताणली गेली.

"याच्या डोक्याला काटे असतात. एकदा रुतला की सुटत नाही."

"पर प्वाटात जातो कसा?" सावळारामने विचारले.

"झिंग्यांतून. आजारी बदकाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, ती झिंगे खातात. किडा त्यांच्यात वाढतो. पाठीवर तांबडा ठिपका दिसतो तो त्याचाच. असा झिंगा तळाशी लपत नाही, वर येतो, आणि बदक त्याला गिळते."

गवराबाईने पदर मुठीत गच्च धरला.

डॉक्टरांनी साळूची छाती चाचपली. "हिलाही आहे."

"पिंपरीला येवढा औषिदाचा कारखाना झालाय, सायेब," सावळाराम म्हणाला.

"तिथलं औषध या किड्यावर चालत नाही. झिंगे बंद करा. दाणे खाल्ले तर कदाचित तगेल."

परतीच्या वाटेवर सावळाराम म्हणाला, "ठिपक्याचं झिंगं हिनं कुठं खाल्लं आसंल?"

"म्या चारलं," गवराबाई म्हणाली. "निवडून."

त्याने पाटी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो पुढे चालत राहिला.

घरी तिने बाजरी भिजवली, भाकरी कुस्करली, कण्या शिजवल्या. साळूने चोच फिरवली. नदीच्या बाजूला मान वळवून ती घोगऱ्या आवाजात मागत राहिली; आणि ती काय मागते आहे हे त्या घरात सर्वांत नीट गवराबाईला कळत होते. तिने जबरीने चोच उघडून दाणे घातले. साळूने ते झटकून टाकले. मग मागणेही थांबले. मान पाटीच्या कडेवर पडून राहिली आणि डोळ्यांवर पांढरे पापुद्रे येऊ लागले.

गवराबाई नदीवर गेली. निर्मळ झिंग्यांसाठी तिने दगडामागून दगड उलथले. बोटे बधिर झाली, हाती गाळ आला. तिच्या पोटरीभोवती मात्र ते दुसरे तरंगत होते, न बोलावता आलेले. बराच वेळ ती त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने पदर पसरला.

पहिल्या झिंग्याचा वास येताच साळूने मान उचलली. दुसरा तिने गवराबाईच्या बोटांतून हिसकावून घेतला. घशातून जुनी, तृप्त कुरकुर उमटली.

सावळाराम दारात आला. त्याने पदराकडे पाहिले.

"गवरे, डाक्तरानं काय सांगितलंय—"

"म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि तिने पुढचा झिंगा साळूच्या चोचीशी नेला.