हुंगलेलं फूल

"तोंड काय फिरवतेस? साप आहे का नळीत?" खैरनार मॅडमनी विचारलं.

रूपालीने परीक्षानळी पुन्हा नाकाजवळ आणली आणि पुन्हा तिची मान आपोआप वळली. शेजारची दिशा खुदकन हसली. "मॅडम, मोगऱ्याचा वास येतोय. आणि ही तर मोगरेवाल्यांचीच पोरगी!"

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. केमिस्ट्रीच्या एमएस्सीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. दुसऱ्या वर्षाला ऑरगॅनिक घ्यायचं की ॲनालिटिकल, हे सोमवारी सांगायचं होतं.

रूपालीच्या घरी मखमलाबादला फुलांचा मळा. वडील गेल्यापासून आई, नवसाबाई, तो एकटीने बघायची. सकाळी मायलेकी पंचवटीत हार घेऊन बसायच्या. दुनियेला फुलं पुरवणाऱ्या नवसाबाईने स्वतःच्या अंबाड्यात मात्र नवरा गेल्यापासून कळी माळली नव्हती. लहानपणी रूपाली टोपलीवर वाकली की पाठीत धपाटा बसायचा, "हुंगलेलं फूल देवाला चालत नाय!" वास अंगावर येईल तेवढा येऊ द्यायचा, श्वास ओढून घ्यायचा नाही, हे तिच्या मानेलाच ठाऊक झालं होतं.

"हात चांगला आहे तुझा," मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण ऑरगॅनिक घेतलंस तर सकाळी साडेसातपासून संध्याकाळपर्यंत हेच करायचंय. अशी मान वळवणार असशील तर नको घेऊस, बाई."

रूपालीने मनातल्या मनात हिशेब मांडला. ॲनालिटिकलची बॅच दुपारची, म्हणजे सकाळ आईला मिळाली असती. तिथे सगळं मोजायचं, तोलायचं, हुंगायचं काही नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीही लवकर लागते म्हणे. दिशा तेच घेणार होती. "ऑरगॅनिकवाल्यांना जेवायला तरी फुरसत असते का गं?" असं ती विचारायची. खरंच नसायची. पण मागे एकदा गढूळ द्रावण निवता निवता फ्लास्कच्या तळाशी स्फटिकांच्या पांढऱ्या सुया धरायला लागल्या होत्या, आणि त्या बघता बघता रूपाली डबा खायचंच विसरली होती. आता हे कारण म्हणून कुणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटावर बसल्या बसल्या नवसाबाईने तिला टोकलं, "अगं, कितींदा उसवशील तो हार? ध्यान कुठं हाय तुझं?"

रूपालीने सगळं सांगून टाकलं. नवसाबाई ओवता ओवता ऐकत होती.

"म्हंजी एकात तू सकाळची घरी, अन् एकात नाय."

"हो."

"अन् तुला ते 'नाय'वालंच पायजे."

"तसं नाही गं आई. मला कळतच नाहीये. घटकेत हे वाटतं, घटकेत ते. आणि वास घ्यायला तर मला जमतच नाही."

"त्यात काय जमायचंय?"

रूपालीचा हात पाठीवर गेला, लहानपणी धपाटा बसायचा तिथे. नवसाबाईची सुई थांबली. मग तिला हसू फुटलं. "माझाच धपाटा आडवा आला म्हण की!"

तिने टोपलीतून एक टपोरा मोगरा उचलला. "हुंग."

"आई, देवाची फुलं आहेत ती."

"थांब, आधी मीच हुंगते." तिने फूल नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि श्वास ओढला. समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. "मावशी, हार कसा दिला?" मावशीला ऐकूच गेलं नाही.

मग ते फूल रूपालीच्या हातात आलं. तिची मान अर्धी वळली, थांबली, परत आली. जवळून तो वास निराळाच होता. गोडाच्या आत काहीतरी हिरवं, जरासं कडवट.

"कालच्या नळीत यातलं निम्मंच होतं," ती म्हणाली. "बाकीचं कशाचं असेल गं?"

"मला काय इचारती? तुझ्या त्या बाईंना इचार." नवसाबाईने दातांनी दोरा तोडला. "जूनपासनं शेजारच्या चतुराबाईला बसवीन संगं. तिचा हार लय ढिला व्हतो, पण चालंल."

रूपालीचा हात सवयीने फूल ठेवायला टोपलीकडे गेला, तेव्हा आईने ते मधूनच काढून घेतलं. देवाला ते आता चालणार नव्हतं. नवसाबाईचा हात अंबाड्यापर्यंत गेला आणि तसाच खाली आला. तिने ते फूल पदराच्या टोकात ठेवून वर हलकी गाठ मारली आणि मान वर केली.

"बोला दादा, किती हार देऊ?"