‘जीभ सांभाळा’चा घंटेवाला

टीव्हीवर बातम्यांच्या खाली जी पट्टी सरकत असते, तिच्यातल्या चुका काढणं हे त्याचं काम. कुठे काना राहिला, कुठे वेलांटी चुकली, की हा खुर्चीतूनच ओरडायचा. म्हणून सगळं ऑफिस त्याला कानामात्रा म्हणायचं. त्याची थोरली बहीण मात्र त्याला अजून छोट्याच म्हणायची. केस पांढरे व्हायला लागले तरी त्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

वाहिनीने ‘जीभ सांभाळा’ नावाचा शब्दांचा खेळ सुरू केला, तेव्हा पंच बाहेरून कशाला आणायचा, असं म्हणून त्यालाच बसवलं. खेळ सोपा होता. दोन जोड्या. जोडीतला एक जण पडद्याकडे तोंड करून बसणार, दुसरा पाठ करून. पडद्यावर एक शब्द यायचा आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत तीन शब्द. वरचा शब्द आपल्या जोडीदाराच्या तोंडून वदवून घ्यायचा, पण तो किंवा खालच्या तिन्हींपैकी एकही शब्द स्वतः उच्चारायचा नाही. हातवारे करता येऊ नयेत म्हणून टेबलावरच्या दोन पिवळ्या गोलांवर तळवे दाबून धरायचे. हात उचलला की गोलातला दिवा जायचा आणि तो पुन्हा लागेपर्यंतचा वेळ वाया. चुकून लाल शब्द तोंडातून निघाला, तर कानामात्रा घंटा वाजवणार, डाव तिथेच संपणार आणि तो शब्द उरलेल्या वेळासकट समोरच्या जोडीला मिळणार.

पहिल्याच भागात एक बसचालक ‘उंबरठा’ समजावत होता. लाल शब्दांत ‘दार’ होतं. तो म्हणाला, “दारात असतो तो!” घंटा वाजली.

“मी दार कुठे म्हणालो? दारात म्हणालो!”

“दारात दार आहेच,” कानामात्रा शांतपणे म्हणाला. “प्रत्यय लागला म्हणून शब्द बदलत नाही.”

तेव्हापासून तोच नियम झाला.

ताईचं केस कापायचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलून तिची जीभ चांगलीच तयार झालेली. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे आणि घरी आले की फार बोलायचे नाहीत. दोघांनी गुपचूप अर्ज भरला आणि निवडही झाली. कानामात्राला कळलं ते थेट चित्रीकरणाच्या सकाळी. तो लगेच निर्मातीकडे गेला.

“माझी सख्खी बहीण आहे. आज घंटेवर दुसरं कुणी बसवा.”

“दुसरं कोण आहे? समोरच्या जोडीला विचारलंय, त्यांची हरकत नाही. नियम तर तूच केलेस.”

समोर पोहायला शिकवणाऱ्या दोघी मैत्रिणी होत्या. त्यांनी आपल्या डावात सहा शब्द जिंकले. मग ताई बसली. बोलताना हात हलवायची तिला इतकी सवय, की सुरुवातीलाच दोनदा दिवा गेला. मग तिने तळवे असे काही दाबले की नखं पांढरी पडली. भाऊजी मात्र पटापट ओळखत गेले. सहा झाले. वेळ शिल्लक होता. आणखी एक, की वॉशिंग मशीन त्यांचं. ताईने मोरीतला कोपरा आधीच रिकामा करून ठेवला होता.

पडद्यावर शब्द आला: चाळणी. खाली लाल अक्षरांत: पीठ, भोक, गाळणे.

“अहो, स्वयंपाकघरातली! गोल! हलवतो ती! पिठाचा कोंडा—”

घंटा वाजली.

ताई उठून उभीच राहिली. “पीठ नाही म्हणाले मी! पिठाचा म्हणाले! तिथे पी दीर्घ आहे, माझा पि ऱ्हस्व होता! तूच सांग, छोट्या, आहे की नाही ऱ्हस्व?”

प्रेक्षक हसले. कानामात्राच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“ऱ्हस्व आहे,” तो म्हणाला. “पण पीठच आहे.”

राहिलेल्या वेळात दोघी मैत्रिणींनी ‘चाळणी’ ओळखली आणि मशीन त्यांच्याकडे गेलं.

ताईने बोलणं टाकलं. फोन केला की भाऊजीच उचलायचे आणि गॅलरीत जाऊन दबक्या आवाजात सांगायचे, “अजून धुसफूस चाललीय. एवढ्यात येऊ नकोस.”

इकडे खेळही काही चालेना. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर फुटबॉलचे सामने लागले आणि ‘जीभ सांभाळा’ बघायला कुणी उरलं नाही. दोन महिन्यांच्या आत खेळ बंद झाला. शेवटचा दाखवला तो ताईचाच भाग.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक जुनं गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या म्हणालं, “काय हो तुमचा भाऊ! सख्ख्या बहिणीला घंटा वाजवतो? माणूस आहे की दगड?”

ताईची कात्री थांबली. “पिठाचा म्हणजे पीठच,” ती म्हणाली. “माझ्या तोंडून गेलं, त्याने वाजवली. सोडून दिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, घरचीच होती म्हणून सोडली.” आणि मग उगाचच जरा जास्त केस कापले.

संध्याकाळी तिने फोन केला. “रविवारी जेवायला ये. टीव्हीवर अगदी आजारी दिसत होतास. किती वाढलेत ते केस!”

रविवारी जेवणं झाल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. भाऊजी बाहेर पेपर वाचत होते. कात्री चालवता चालवता तिने विचारलं,

“वाजवताना काही वाटलं का रे?”

“हात जड झाला होता. जरा उशिराच वाजवली.”

“तेवढ्यात यांना सुचलं असतं तर?”

“तरी वाजवली असती.”

“गाढव आहेस,” ताई म्हणाली. “मान खाली कर.”