आधी माल निघू द्या

वहिनींची धाकटी लेक सासरी गेली त्याच वर्षी औषधवाल्यांचा निरोप आला: हा माल शेवटचा, पुढच्या बाटल्या प्लॅस्टिकच्या. म्हणजे काचकारखाना बंद.

“कुणापाशी बोलायचं नाही,” हिशेबनीस वहिनींना म्हणाला. “बभ्रा झाला की माणसं पांगतील. माल अर्धवट राहिला तर सगळेच हात चोळत बसू.”

वहिनींना पटलं. नवऱ्यामागे कारखाना चालवताना त्या एवढं शिकल्या होत्या, की मालकाचं तोंड म्हणजे भट्टीचं दार. उगाच उघडलं की आच वाया.

भट्टी सांभाळायचे भाऊजी. नात्याचे नव्हेत, नवऱ्याचे जुने सोबती. भट्टीत नवा कच्चा माल बेताने घालायला सांगितल्यावर त्यांनी आपणच अर्थ लावला.

“आतल्या विटा बदलायच्या ना, वहिनी? मी कधीचा कोकलतोय. पार झिजल्यात.”

“आधी हा माल तर निघू द्या,” वहिनी म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत.

कारखान्यात कुजबुज सुरू झालीच. जिन्यात उभ्या असलेल्या वहिनींना भाऊजींचा आवाज ऐकू आला. “गप बसा रे कावळ्यांनो! तसलं काही असतं तर वहिनी आधी मला बोलल्या असत्या.”

कुजबुज थांबली. वहिनींना हायसं वाटलं.

मग एक दिवस भाऊजी दारात येऊन घुटमळले. “नदीपलीकडच्या कारखान्याचं बोलावणं आलंय. उद्या कळवायचंय. घरची म्हणते, जा. तिचं काय जातंय? तुम्हाला विचारल्याशिवाय कसा जाऊ?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शब्द वहिनींच्या ओठांवर आला. पण भाऊजी गेले तर हा माल कोण काढणार?

“तुम्ही गेलात तर भट्टी कुणाच्या भरवशावर टाकू?”

भाऊजी खुलले. “झालं तर! नाही म्हणून सांगतो.” आणि नव्या विटांच्या भट्टीत वितळवायला काचेचे पांढरे तुकडे निवडायला अंगणात जाऊन बसले.

शेवटची पेटी गाडीत चढली, तेव्हा वहिनींनी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगून टाकलं. ज्याचं जे होतं ते त्याला मिळालं. कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं, “बाईनं बुडवलं तरी नाही.”

“नेमक्या वेळी बोललात,” हिशेबनीस म्हणाला. “धंदा म्हणतात तो हा.”

सगळे गेल्यावर भाऊजी पुढे आले. “मला एकट्याला सांगितलं असतंत, तर मी कुठं बोललो असतो?”

“नाही.”

“माल टाकून पळालो असतो?”

वहिनींनी मान हलवली. नाही.

“मग?”

हे वहिनींना तेव्हाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि जोखीम घेणं वेगळं.

“येतो, बाईसाहेब,” भाऊजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी वहिनींना कधी बाईसाहेब म्हटलं नव्हतं.

नदीपलीकडे तोवर दुसरा माणूस लागला होता. भाऊजींना एका गोदामावर पहाऱ्याचं काम मिळालं. वहिनींनी दोनदा भेटीला बोलावलं. ‘सवड नाही’ एवढंच उत्तर आलं.

भाऊजी वारले ते त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, पहाऱ्यावर असतानाच. जुने कामगार झाडून सगळे पोहोचवायला गेले. वहिनींना महिन्याने कळलं. भाऊजींच्या बायकोने वहिनींकडे निरोप धाडू दिला नव्हता.