एरियलची गाठ

ईश्वरदास निखाऱ्याला बाजारभाव ऐकायचे होते. निदान नागपूरच्या तांडापेठेत त्याने सगळ्यांना तसंच सांगितलं. त्यासाठी मागावरचं लुगडं अर्धवट सोडून सोमवारी सकाळी त्याने रेडिओची तार टांगायला दोन लांबलचक बांबू आणले. एक मागल्या न्हाणीच्या भिंतीला बांधला, दुसरा पुढल्या अंगणातल्या लिंबाला.

"बाजारभाव तं नागपूरवरच लागते गा," शेजारचा ताराचंद कुंपणावरून म्हणाला. "तुह्या रेडिओत नागपूर तं गोधडी टाकली तरी आइकू येते. त्याले तार कायले पाहिजे?"

"तू आपलं काम कर," ईश्वरदास म्हणाला.

ताराचंद नुसता हसला. खरं काय ते त्याला ठाऊक होतं, कारण शनिवारी आलेलं पोस्टकार्ड त्यानेच वाचून दाखवलं होतं. कार्ड ईश्वरदासच्या मुलीचं, जयाचं. ती परभणीला मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. दोन वर्षांपूर्वी नोकरीचा हुकूम आला तेव्हा ईश्वरदासने उमरेडचं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. जया म्हणाली, मी जाणार. तो म्हणाला, जा. एवढंच म्हणाला आणि तेव्हापासून एक अक्षर बोलला नाही. स्टेशनवर पोचवायलाही गेला नाही. पुढे तिची पत्रं आईच्या नावाने येत. वच्छलाबाईला वाचता येत नसे, म्हणून ताराचंद येऊन वाचायचा आणि तिच्या सांगण्यावरून उत्तरही लिहायचा. ईश्वरदास मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मान खाली घालून बसलेला असे. मात्र पत्र सुरू झालं की नेमका त्याच्या मागावरचा धोटा थांबायचा आणि पत्र संपलं की पुन्हा खटखट सुरू व्हायची. घरात कुणी त्याबद्दल ब्र काढत नसे.

शनिवारच्या कार्डात जयाने लिहिलं होतं: येत्या गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला परभणी केंद्रावरून माझं दहा मिनिटांचं भाषण आहे. विषय 'आमच्या घरचा माग'. रेकॉर्डिंग झालं आहे, शेवटी बाबांबद्दल बोलले आहे. बाबांना ऐकवशील?

तेव्हापासून ईश्वरदासचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगी काय बोलली असेल? बाप हट्टी आहे, बापाने पाठ फिरवली, असं काही बोलली असेल तर सगळ्या मराठवाड्यात अब्रू जाणार. असं म्हणून तो स्वतःला राग आणू पाहायचा. पण मनातली खरी भीती वेगळी होती. ती चांगलं बोलली असेल तर? तो विचार आला की तो बांबूवर उगाच ओरडायचा.

परभणी लावलं की रेडिओत लाह्या फुटत. लाह्यांतून अधूनमधून कुणीतरी माणूस बोलायचा, पण तो मराठी बोलतो की कानडी ते समजत नसे. त्यात चाळीस वर्षं मागाच्या खटखटीत बसून ईश्वरदासचे कानही अर्धे गेलेले. म्हणून रविवारीच तो गोळीबार चौकातल्या मधुकररावाकडे गेला होता. मधुकरराव रेडिओ दुरुस्त करायचा, वयाने लहान, पण आपल्या कामातला पक्का.

"काकाजी, बाहेरून एरियल टाका," मधुकरराव म्हणाला. "जेवढं उंच तेवढं बरं. ही घ्या तार, विजेच्या जुन्या मोटारीतली आहे. दोन्ही टोकांले हे चिनी मातीचे गोटे बांधा, म्हणजे तार बांबूले लागणार नाही. तार ताणू नका बरं, थोडा झोळ ठेवा. बांबू हालला का ताणलेली तार तुटते. अन् कुठी जोड द्यायची पाळी आलीच तर पहिले वरची लाख खरवडून टाका. हे तांबं दिसते, पण वरून लाख आहे, तांब्याले तांबं लागलं नाही तं आवाज येत नाही."

उंचीचं ईश्वरदासने ऐकलं. बाकीचं या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. विणकराला झोळ ठेवायला सांगणं म्हणजे काय? झोळ असलेला ताणा त्याच्या बापानेही कधी मागावर चढवला नव्हता. आणि जोड? तुटलेल्या धाग्याला त्याने मारलेली गाठ आजवर एका गिऱ्हाइकाला सापडली नव्हती. त्याला हा कालचा पोरगा जोड द्यायला शिकवणार!

तरी मंगळवारी मधुकररावाला सगळं विचारून आलेला ताराचंद मदतीला होता, आणि त्याच्या धाकाने तार थोडी सैल राहिली. तिचं न्हाणीकडलं टोक छपराखालून आत रेडिओला जोडलं. अंधार पडल्यावर वच्छलाबाईने रेडिओ लावला. तिनेच काटा परभणीवर आणला. लाह्या विरल्या आणि एक बाई शेंगदाण्याच्या पेरणीबद्दल इतकं स्वच्छ बोलू लागली की वच्छलाबाईने पदर सावरला.

"आइकू येते का वं जयाची माय?" ईश्वरदासने अंगणातून विचारलं.

"अवो, आत या अन् तुमीच आइका!"

तो आत आला, पाच मिनिटं शेंगदाणे ऐकले आणि जेवायला बसला. त्या रात्री त्याने एक भाकर जास्त खाल्ली.

एवढ्यावर थांबला असता तर प्रश्नच नव्हता. पण गुरुवारी दुपारी अंगणात हात धुताना त्याने वर पाहिलं, आणि तारेचा झोळ त्याच्या डोळ्यात खुपला. वारा आला की तार पाळण्यासारखी हलायची. आपल्या घरावर, सगळ्यांना दिसेल असा, ढिला ताणा! तो न्हाणीच्या छतावर चढला, तार सोडली, पिळली आणि ओढली. ती सतारीच्या तारेसारखी ताठ झाली. अजून थोडी, म्हणून त्याने शेवटचा हिसका दिला आणि ती तट्कन तुटली, त्याच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. मग दोन्ही टोकं ओढून त्याने गाठ मारली, विणकराची, चपटी, घट्ट, बोटाला न लागणारी. बांबू थोडा वाकला, तार पुन्हा ताठ झाली. गाठ खालून दिसतसुद्धा नव्हती. दिवसा परभणी लागतच नसे, त्यामुळे लावून पाहायचा प्रश्न नव्हता. तो समाधानाने खाली उतरला.

सातला ताराचंद आला, सोबत त्याची बायको कांताबाई. वच्छलाबाईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि रेडिओला हळदीकुंकू लावलं होतं. ईश्वरदास मागाच्या काठावर बसला, अर्थात बाजारभावासाठी. रेडिओ तापला, काटा जागेवर आला, आणि लाह्या फुटू लागल्या. तार बांधण्याआधीपेक्षाही जास्त.

"असं काहून होऊन राहिलं?" वच्छलाबाई कासावीस झाली. "परवा तं चांगलं होतं."

"तार तुटली असन," ताराचंद म्हणाला.

"तुटली नाही. मी गाठ..." ईश्वरदास बोलता बोलता थांबला.

ताराचंदने त्याच्याकडे पाहिलं. "लाख खरवडली होती?"

ईश्वरदास उठला. मागापाशी धागे कापायचा पात्याचा तुकडा ठेवलेला असे, तो उचलला आणि न्हाणीवर चढला. पंचावन्नाव्या वर्षी तो इतक्या चपळाईने कुठे चढला नव्हता. अंधारात त्याला स्वतःचीच गाठ सापडेना. बोटं फिरवून फिरवून शेवटी सापडली, आणि सुटता सुटेना. पहिल्यांदाच त्याने आपल्या हाताच्या सफाईला शिवी घातली. दाताने ओढून गाठ सोडली, दोन्ही टोकं पात्याने खरवडली. नखाला उघडं तांबं लागलं.

पण आता टोकं पुरेनात. झोळ होताच कुठे? बांबू वाकवून, दोन्ही हातांनी सगळा जोर लावून ओढलं तेव्हा कुठे दोन बोटं तार तारेवर आली. पीळ द्यायला ती पुरेशी नव्हती. त्याने ती चिमटीत घट्ट धरली.

घरातून वच्छलाबाई ओरडली, "आली! आली वं माय! जया!"

त्याने जरा हात सैल केला. खाली लाह्या. पुन्हा दाबला. खाली शांत.

मग तो तसाच उभा राहिला. छपराच्या कवेलूंखालून आवाज येत होता, लेकीचाच होता, लहानपणी धाग्याच्या कांड्या भरताना बडबडायची त्याच चढ-उताराचा. शब्द मात्र एकही उमगत नव्हता. त्याने मान तिरकी केली, चांगला कान छपराकडे नेला. नाही. एकदा खाली सगळे हसले. तोही अंधारात हसला, का ते न कळता.

ताराचंद दारात आला. "अरे, मी धरतो गा! तू जा, आइक!"

"नको. सोडली तं मधातलं जाईन."

"शेवटी तुह्याबद्दल आहे ना पण!"

"म्हणूनच म्हणतो, नको. तिच्या मायले आइकू दे. जा तू, आइक."

हाताला रग लागली. तारेने चिमटीत चीर पाडली. खाली हसणं थांबलं होतं. आवाज हळू झाला, आणि घरात इतकी शांतता पसरली की रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू आली. आत्ता माझ्याबद्दल बोलून राहिली, त्याच्या मनात आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

भाषण संपून बाजा वाजू लागला तेव्हा त्याने तार सोडली.

खाली आला तर वच्छलाबाई पदराने तोंड झाकून बसली होती. कांताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं. दोन वर्षांत जयाबद्दल त्याने तोंडाने विचारलेला हा पहिला प्रश्न.

वच्छलाबाईने डोळे पुसले. "लहानपनी तुमी गाठ मारायचे अन् तिले म्हनायचे, शोध. ते सांगितलं. तिले कधी सापडली नाही म्हने. सगळे हासले."

"अन् मंग? शेवटी?"

ताराचंदने तोंड उघडलं. वच्छलाबाईने हातानेच त्याला थांबवलं.

"ते मी नाही सांगत," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन वर्षं तुमी माह्या अन् ताराचंदभाऊच्या तोंडून आइकलं. आता हे तिच्या तोंडून आइका."

ईश्वरदास मागापाशी जाऊन बसला, पण धोटा उचलला नाही. मग त्याने ताराचंदकडे कोरं कार्ड मागितलं. ताराचंद कार्ड घेऊन आला आणि सवयीने खिशातली पेन्सिल काढून लिहायला बसला. ईश्वरदासने पेन्सिल त्याच्या हातातून काढून घेतली. चिमटीला चिंधी बांधलेली होती, चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं वाकडी आली, पण त्याने स्वतः लिहिलं:

जया, तार हातानं धरून उभा होतो म्हणून तुझं भाषण ऐकता आलं नाही. रविवारच्या गाडीनं येतो. सगळं पहिल्यापासून सांग. जोरानं बोल, मले कमी आइकू येते. बाबा.