दोनशे छप्पन्नची भिंत

"भिंत काळी का झाली ते सांगा आधी!" साहेबांनी फोन तिच्या टेबलावर आपटला. मोबाइलच्या खेळातला किल्ला पडद्यावर उभा होता, पण विटांच्या जागी नुसता काळोख.

ऑफिसात तिला फरशीबाई म्हणत. विटांचं, गवताचं, डांबराचं एक इवलंसं चौकोनी चित्र घ्यायचं आणि ते भिंतभर, रस्ताभर पुन्हा पुन्हा असं लावायचं की सांधा दिसता कामा नये, हे तिचं अकरा वर्षांचं काम.

"चित्र दोनशे छप्पन्न ठिपके रुंदीचं होतं. तुमच्या मेहुण्यांनी काल मला न विचारता तीनशेचं केलं. स्वस्त फोनला दुपटीने चढणारे ठरावीक आकडेच चालतात. तीनशेचं चित्र तो लावतच नाही, काळं करून मोकळा होतो. तीनदा सांगितलं होतं मी."

साहेबांच्या मागे उभा असलेला मेहुणा खिडकीबाहेर बघत राहिला. "मला वाटलं, मोठं केलं की विटा उठून दिसतील."

"झालं ते झालं," साहेबांचा सूर एकदम मऊ झाला. "खेळ बनवून घेणारी पार्टी भडकलीय. चूक माझ्याकडून झाली, असा दोन ओळींचा मेल तुम्ही टाका. तुम्ही सीनियर, तुमचं ऐकून घेतील. त्याची आत्ता कुठे सुरुवात आहे हो."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अकरा वर्षं मान मोडून काम करायचं आणि शेवटी याच्यासाठी बळीचा बकरा व्हायचं?

"नाही टाकणार."

"मग उद्यापासून येऊ नका."

"बरं."

तिने डबा पिशवीत कोंबला. भिंत तशीच काळी सोडावी, बसू देत बोंबलत, असं शंभरदा मनात आलं. मेहुण्याला ती सात जन्मांत जमली नसती. पण हात ऐकेनात. तिने चित्र पुन्हा दोनशे छप्पन्नवर आणलं, कडेच्या विटा जुळवल्या, सगळ्यात स्वस्त फोनवर लावून बघितलं. किल्ला विटांनी भरला. सांधा शोधूनही सापडेना. तिला साहेबांपेक्षा जास्त राग स्वतःचाच आला.

"ताई, नक्की काय केलंत?" मागे मेहुणा येऊन उभा होता.

"आकडा बदलला. लिहून घे."

त्याने खिसे चाचपले. तिने आपलं पेन पुढे केलं. एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न, पाचशे बारा, ती सांगत गेली आणि तो तळहातावर लिहीत गेला. शेवटचा आकडा त्याने चुकवला, तो तिने खोडून पुन्हा लिहायला लावला. मग पेन परत मागून घेतलं आणि ती जिना उतरली.