कोरा शेला

लिस्बनहून शनिवार-रविवार पाय मोकळे करायला गडावरच्या सासुरवाडीला यायचं, सासूने रांधलेलं कोकरू ओरपायचं, आणि त्याच तोंडाने गावच्या गड्यांना बैल कसा धरावा ते शिकवायचं! उंबेलिनाच्या जावयाचं, दुआर्तचं, हे दर सप्टेंबरचं होतं. "शहरातल्या बैल धरणाऱ्या टोळीत मी तीन वर्षं दुसरा होतो," हे तर घरातल्या मांजरालाही पाठ झालं असेल.

या साली ते खरं करायची वेळ आली. बैलापुढे आठ गडी एकामागे एक उभे राहतात, मोकळ्या हातांनी. पहिला हाक मारून बैल अंगावर घेतो. दुसऱ्याने त्याच घटकेला त्याच्या पाठीला छाती भिडवायची. पहिल्याने मागे वळून बघायचं नसतं. पहिला होता उंबेलिनाचा धाकटा, झेफेरिनो. नेहमीच्या दुसऱ्याचा हात शुक्रवारीच मोडला होता.

"मी राहतो की उभा," दुआर्त म्हणाला.

"जावईबापू, तिथे खरा बैल असतो हं."

"आई, असू दे गं," झेफेरिनो हसला. "आपलाच माणूस आहे."

लेकाच्या शब्दाखातर तिने पेटीतून मेलेल्या नवऱ्याचा, बैल धरताना कमरेला बांधायचा तांबडा शेला काढला. एक टोक लेकीला, ग्रासाला, धरायला लावून जावयाच्या कमरेला सात वेढे आवळले.

रविवारी दुपारी किल्ल्यातलं रिंगण खच्चून भरलं. नदीपलीकडचे स्पॅनिशही तटावर चढून बसले होते. बैलाच्या शिंगांना चामडं गुंडाळलेलं होतं, पण चामड्याने काही बैलाचं वजन घटत नाही. झेफेरिनोने कमरेवर हात ठेवून हाक मारली, "ये रे, काळ्या!"

बैल आला. झेफेरिनोने शिंगांमध्ये पोट देऊन मानेला मिठी मारली. आणि दुआर्त एक पाऊल बाजूला झाला.

एकच पाऊल. त्या फटीतून बैलाने पोराला उचलून तटाच्या भिंतीवर आपटलं. फांदी मोडावी तसा मांडीचा आवाज झाला. दुसऱ्या धडकेला बरगड्या गेल्या, तिसरीला तोंडातून रक्त आणि दात एकदमच आले. तिसऱ्या जागेवरचा जाडा भटारी, इलारियो, दुआर्तला ढकलून पुढे घुसला आणि मानेला लटकला, बाकीचे त्याच्यावर पडले. बैलाने इलारियोचं नाक चेचलं, पण त्याने मिठी सोडली नाही. शेपटी धरणाऱ्या शेवटच्या गड्याने बैल फिरवला तेव्हा कुठे पोर सुटलं.

फळीवर घालून नेताना झेफेरिनोचा शेला त्याच्याच रक्ताने जड झाला होता. डोळे उघडे होते. "आई... दुसरा कुठे होता?"

उंबेलिना फळीपासून मागे वळली. ती रिंगणात उतरली. दुआर्त अजून तिथेच उभा होता, बुटांवर धूळसुद्धा नव्हती.

"आई, तो बैल अचानक..."

तिने त्याच्या कमरेची गाठ सोडली आणि एकेक वेढा उलगडू लागली. तो गपगुमान गोल फिरत राहिला.

"आई, लोक बघतायत," ग्रासा रडत म्हणाली.

"बघू दे."

सातवा वेढा निघाला. कुठे डाग नाही, धागा उसवलेला नाही. शेला हातावर घेऊन ती सगळ्या तटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जावईबापू, पुढच्या साली जरूर या. कोकरू रांधीन, गादी घालीन, लेकीचा नवरा आहात. पण बैलाच्या दिवशी वर बसायचं, म्हाताऱ्या बायकांत. आणि तिथेसुद्धा माझ्या मागे नाही, पुढे बसायचं."